वाचनालयात आपले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी तरी शिकलेल्या बाई बाहेरगावाहून येतात, त्या बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा आपल्यातलीच एकजण उभी करायची असे चिटणीसबाईंच्या मनात आले आणि त्यांनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, एस. टी. दिवसातून दोनदा येई, आणि घरी धाकटी भावंडे सांभाळायची होती. माझे दप्तर तिथेच थांबले. तेव्हा विद्वत्तेचे माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. पण गेली बारा वर्षे मी आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढते आहे. त्या येण्याजाण्यात जे पाहिले आणि जे कळले, तेवढेच सांगते.

वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रे, आणि भोवती पेन्शनीत निघालेली मंडळी. खरे आहे, तो मुक्तद्वार विभाग असतोच, आणि तिथे एक पैसा न देता कोणीही बसून वाचावे अशी सोय असते. पण वाचनालय तेवढेच नव्हे. वर्षभराचा हिशेब मांडला तर आपल्या या लहानशा वाचनालयात किती तरी गोष्टी होतात. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन होतो, त्या दिवशी मुलांची ग्रंथदिंडी निघते. पालखीत पुस्तके, पुढे लेझीम, आणि मागे आपण. मे महिन्यात मुलांचे शिबिर असते. 15 ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. तो 2015 सालापासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. नोव्हेंबरात 14 ते 20 तारखेपर्यंत ग्रंथालय सप्ताह, त्यात पुस्तकांचे प्रदर्शन. दिवाळी झाली की दिवाळी अंकांची योजना. आणि थंडीत व्याख्यानमाला.

दिवाळी अंकांची योजना तर आपल्यासारख्या घरांना फार सोयीची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा मराठीत रुजली. आज एकेका अंकाची किंमत अशी की दोन अंक घ्यायचे तर महिन्याच्या किराण्याला हात लावावा लागतो. वाचनालय ते अंक एकदा विकत घेते, आपण थोडी जादा वर्गणी भरतो, आणि होळीपर्यंत एकामागून एक अंक घरी येत राहतात. एका घरचे पैसे पुरणार नाहीत ते पन्नास घरांचे पुरतात. भिशी चालविणाऱ्या बायकांना हे गणित वेगळे शिकवायला नको.

आता बायका वाचनालयात कशा येऊ लागल्या ते सांगते. 2014 सालच्या उन्हाळी शिबिरात मुलांना गोष्टी सांगणे, हस्ताक्षर सुधारणे, फाटक्या पुस्तकांना कव्हर घालणे असे कार्यक्रम होते. मुलांना पोचवून आम्ही आया बाहेर पायऱ्यांवर बसत असू. कोणाच्या मांडीवर मेथीची जुडी, कोणाच्या हातात लसूण. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालभाऊ बाहेर आले आणि म्हणाले, “वहिनी, उन्हात का बसता? आत पंखा आहे.” आम्ही आत गेलो. हात कामात होते, कान मोकळे होते. एकीने टेबलावरचे मासिक उचलले आणि बाकीच्यांना वाचून दाखविले. शिबिर दहा दिवसांत संपले, पण आमचे वाचन संपले नाही. दर बुधवारी दुपारी दोन ते चार ही वेळ ठरली. स्वयंपाक आटोपलेला असतो, मुले शाळेत असतात, आणि नळाला पाणी यायला अवकाश असतो. बाईच्या दिवसात एवढीच काय ती वेळ तिची.

मोठ्याने वाचणे ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. श्रावणात पोथी लागते तेव्हा एकजण वाचते आणि दहाजणी ऐकतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तोंडपाठ असतो तो कशाने? ऐकण्यानेच. आम्ही तीच रीत पुस्तकांना लावली, एवढेच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही अशी सव्वा वर्ष वाचली. 1934 ते 1937 या काळात चार भागांत निघालेले ते पुस्तक. लक्ष्मीबाई शाळेत शिकल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांची भाषा आपल्या ओट्यावरची. त्यांच्या वडिलांच्या कडक सोवळ्याचे प्रसंग आले की वाचणारीला थांबावे लागे, इतक्या बायका हसत. आणि पुढे नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्यांच्या जिवाची झालेली ओढाताण वाचताना खोली अगदी चिडीचूप असे. आमच्यात सत्तरीच्या एक आजी आहेत, त्यांना वाचता येत नाही. पण मागच्या बुधवारी कोठे थांबलो होतो हे विचारले की वाचणारी चुकेल, आजी चुकणार नाहीत.

संक्रांतीचा कार्यक्रमही आम्ही वाचनालयात घेऊ लागलो. त्याला हळदीकुंकू असे नाव दिले नाही. तिळगूळ समारंभ म्हटले. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या बहिणींचे कुंकू गेले आहे त्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला दारातूनच नकार देतात, आणि बऱ्याच घरी त्यांना आमंत्रणच जात नाही. तिळगूळ सगळ्यांनी घ्यायचा असतो. पहिल्या वर्षी अशा सातजणी आल्या. वाण म्हणून प्लास्टिकची डबी देण्याऐवजी आम्ही एकेक पातळ पुस्तक दिले. डबी घरात चार असतात. पुस्तक मात्र काही घरांत, शाळेची सोडली तर, पहिलेच होते.

भगिनींनो, येथपर्यंत सगळे गोडच सांगितले. आता जे सांगण्यासाठी मी उभी राहिले त्याकडे येते.

2023 साली वाचनालयाच्या वार्षिक सभेपुढे एक ठराव आला. दुपारची खोली अभ्यासिकेला द्यावी आणि बुधवारचे स्त्रियांचे वाचन बंद करावे, असा तो ठराव होता. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता हे मी आधी सांगते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलेमुली आपल्याच घरची आहेत. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना त्यांनी अभ्यास कोठे करावा? शिवाय ती महिन्याला पैसे भरतात, आणि वाचनालयाला पैशांची नड असते. पण आमच्या दोन तासांचे काय, हे विचारायला आम्ही बाराजणी सभेला गेलो. आमच्यातल्या एक वहिनी उठल्या. त्या दरमहा दोन पुस्तके नेणाऱ्या, वाचनालयातल्या निम्म्या कादंबऱ्या वाचलेल्या. अध्यक्षांनी नम्रपणे विचारले, “आपण सभासद आहात का?” यादी काढली. यादीत वहिनींचे नाव नव्हते, त्यांच्या यजमानांचे होते. यजमानांनी वाचनालयात पाऊल टाकल्याला कित्येक वर्षे झाली असतील. पुस्तके वहिनींनी वाचली, वर्गणी वहिनींनी घरखर्चातून काढून दिली, मत मात्र यजमानांचे. ते त्या दिवशी शेतावर होते.

मग सगळ्यांचीच नावे पाहिली. बुधवारी येणाऱ्या आम्ही एकतीसजणी. त्यांपैकी स्वतःच्या नावाने सभासद असलेल्या चौघीजणी. कोणी नवऱ्याच्या कार्डावर, कोणी सासऱ्यांच्या, कोणी मुलाच्या, आणि काहीजणी कार्डच नाही, नुसत्या ऐकायला येणाऱ्या. मी त्या चौघींपैकी होते. माझा अर्ज भरताना तेव्हाच्या कारकुनांनी सवयीने माझ्या यजमानांचे नाव विचारून ते वरच्या रकान्यात लिहायला घेतले होते. मी म्हटले, “भाऊ, वाचणार मी आहे, माझेच लिहा.” त्यांनी लगेच लिहिले. कोणी अडवीत नाही, भगिनींनो. आपण सांगत नाही, म्हणून लिहिले जात नाही.

चौघींच्या सांगण्यावरून सभेने तो ठराव एक वर्ष पुढे ढकलला. तेवढी मुदत आम्हाला पुरेशी होती.

मत असणे का महत्त्वाचे, ते समजायचे तर वाचनालय कोणाचे असते ते माहीत हवे. पुष्कळांना वाटते, वाचनालय सरकारचे किंवा नगरपालिकेचे. काही ठिकाणी तसे असतेही. पण महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालये लोकांनी काढलेल्या संस्थांची आहेत. 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला. त्याप्रमाणे सरकार वाचनालयांना मान्यता देते, अ, ब, क, ड असे वर्ग लावते आणि वर्गाप्रमाणे अनुदान देते. अशी मान्यता मिळालेली वाचनालये आपल्या राज्यात दहा हजारांहून अधिक आहेत. अनुदान सरकारचे, पण कारभार सभासदांनी निवडलेल्या कार्यकारी मंडळाचा. खोली कोणाला द्यायची, कोणती पुस्तके घ्यायची, व्याख्यान किती वाजता ठेवायचे, हे मुंबईला ठरत नाही. ते आपल्याच गावात, वार्षिक सभेत आणि कार्यकारी मंडळात ठरते. आणि तिथे ज्याचे नाव यादीत आहे तोच बोलतो.

या वाचनालयांचा इतिहास फार जुना आहे. रत्नागिरीचे वाचनालय 1828 सालचे, पुण्याचे 1848 सालचे. त्या वेळी त्यांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे, मुंबईचे 1898 सालचे. यांतल्या 1848 या सालाकडे माझे मन पुन्हा पुन्हा जाते. ज्या वर्षी पुण्यात ते वाचनालय निघाले, त्याच वर्षी त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. एकीकडे पुस्तके भरलेली कपाटे, आणि दुसरीकडे शेणाचा मारा सोसून मुलींना अक्षरे शिकविणारी बाई. ती अक्षरे शिकलेल्या मुली त्या कपाटांपर्यंत पोचायला किती वर्षे जावी लागली असतील! मला वाटते, अजून आपण सगळ्याजणी पोचलेलो नाही. दारापर्यंत आलो आहोत, खुर्चीवर बसलो आहोत, पण नोंदवहीत नाव बाकी आहे.

बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1910 सालापासून राज्यभर फुकट वाचनालयांची व्यवस्था सुरू केली. त्यासाठी अमेरिकेतून बोर्डन नावाचे जाणकार आणले. मोठ्या शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी निराळे विभाग, आणि खेड्यापाड्यांत पेट्या भरभरून फिरती पुस्तके. एका राजाच्या मनात आले आणि स्त्रियांना वाचायला जागा मिळाली. पण आता राजे नाहीत. आपल्याला जागा कोणी बक्षीस देणार नाही. ती सभेत हात वर करून राखावी लागेल. आपल्यात म्हणतातच, गाव करी ते राव न करी.

तर त्या एका वर्षात आम्ही काय केले? घरोघर गेलो. भांडण कोणाशी केले नाही, पत्रके छापली नाहीत. फक्त प्रत्येकीला सांगितले, कार्ड तुझ्या नावाने कर. अडचणी लहान लहान निघाल्या. एका घरी सासूबाई म्हणाल्या, “घरात एक कार्ड आहे की, दुसरे कशाला?” त्यांना म्हटले, “काकू, रेशनकार्ड एक असले तरी मतदानाचे कार्ड घरात चार असतातच ना?” त्या हसल्या आणि सुनेबरोबर स्वतःचाही अर्ज मागवून घेतला. एकीला अनामत रक्कम एकदम भरणे जड होते, ती मंडळाच्या शिलकीतून उसनी दिली. तिने तीन हप्त्यांत फेडली. महिन्याची वर्गणी अर्धा लिटर गोड्या तेलाच्या पिशवीपेक्षा कमी पडते. ज्या आजींना वाचता येत नाही म्हणून मी मघाशी सांगितले, त्यांच्याकडे मात्र आम्ही अर्ज नेला नव्हता. त्याच आल्या आणि म्हणाल्या, “मला वाचता येत नाही, ऐकता तर येते. ऐकणारीला मत नसते का ग?” ग्रंथपालभाऊंनी घटना काढून पाहिली. सभासदाला वाचता आले पाहिजे असे तीत कोठेच लिहिलेले नव्हते. आजींनी अंगठा उठविला. त्यांच्या कार्डावरची पुस्तके आता त्यांची नात नेते, आणि रात्री आजींना वाचून दाखविते.

2024 सालच्या सभेला आपल्या नावाने सभासद असलेल्या आम्ही सत्तावीसजणी होतो. तोच ठराव पुन्हा आला. या वेळी आम्ही नुसते नको म्हटले नाही, तोड काढून नेली होती. अभ्यासिकेची मुले सकाळी सहापासून येतात, आणि दुपारी दोन ते चार मागची खोली रिकामी असते. तिथे जुनी मासिके आणि मोडकी बाके भरून ठेवली होती. ती आवरून द्यायची जबाबदारी आमची. मुले पुढच्या खोलीत, आम्ही मागच्या. ठराव मताला टाकावाच लागला नाही. सगळ्यांनी मिळून दुरुस्त केला. पुढच्या आठवड्यात आम्ही पदर खोचून ती खोली झाडली. त्या गठ्ठ्यांतून बांधणी करण्याजोगी जुनी मासिके निघाली तीही भाऊंना दिली. आता अभ्यासिकेतल्या दोन मुली चहाच्या सुट्टीत आमच्याकडे येऊन बसतात आणि कधी कधी वाचूनही दाखवितात.

गेल्या वर्षी मंडळाची सहल भिलारला गेली होती ती आपल्याला आठवत असेल. पाचगणी-महाबळेश्वरजवळचे ते स्ट्रॉबेरीचे गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. सुरुवातीला तिथे 25 ठिकाणी मिळून सुमारे 15 हजार पुस्तके ठेवली. एका घरात कथा, दुसऱ्या घरात कविता, तिसऱ्यात चरित्रे. कोणीही जावे, बसावे, वाचावे. आपल्यातल्या कित्येकजणी परत येताना म्हणाल्या, आपल्या गावाला असे भाग्य कोठले! मी त्यांना सांगते, भिलारच्या लोकांनी आपल्या घराची खोली दिली म्हणून ते झाले. आपल्याकडे तर खोली आहे, कपाटे आहेत, ग्रंथपाल आहेत. आणि हे ग्रंथपाल व शिपाई किती थोड्या पैशात ते दार रोज उघडतात, हे आपण कधी विचारीत नाही. त्यांच्यासाठी बोलायलाही सभेत माणसे हवीत.

अजून पुष्कळ काम बाकी आहे. व्याख्यानमाला अजून रात्री साडेनऊला सुरू होते. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या नमुन्यावर गावोगाव अशा मालिका निघाल्या. फार चांगली गोष्ट आहे. पण रात्री साडेनऊला बाईची भांडी व्हायची असतात, सकाळच्या डब्याची भाजी निवडायची असते, आणि परतताना रस्त्यात दिवा नसतो. व्याख्यान संध्याकाळी सहाला ठेवले तर निम्म्या खुर्च्या आपण भरू. हे कार्यकारी मंडळातच मांडावे लागेल, आणि त्या मंडळात आज एकही स्त्री नाही. पुढच्या निवडणुकीत निदान दोघींनी उभे राहावे अशी माझी सूचना आहे. मराठी शाळेतल्या बाईंनीच उभे राहावे असे नाही. घरचा जमाखर्च सांभाळणारी बाई वाचनालयाचाही सांभाळू शकते.

या सभेत ज्या शेजारच्या गावांतून आल्या आहेत, त्यांना एक सांगते. प्रत्येक वाचनालयाची घटना निरनिराळी असते. आमच्याकडे वर्षभर वर्गणी भरणाऱ्या सभासदाला मत आहे. दुसरीकडे नियम वेगळा असू शकेल. म्हणून आधी घटना मागा आणि वाचा. ती मागायला लाजू नका. आणि वर्गणी थकवू नका, कारण थकबाकी असेल तर सभेच्या दारातच आपला आवाज बंद होतो.

भगिनींनो, आपण कार्यक्रमाला जातो, सतरंज्या घालतो, रांगोळी काढतो, पाहुण्यांना चहा देतो. ते सगळे करूच. पण रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. नोंदवहीत लिहिलेले नाव पुसले जात नाही. आज घरी जाताना वाचनालयावरूनच रस्ता जातो. ग्रंथपालभाऊंना मी सांगून ठेवले आहे; अर्ज टेबलावर आहेत, आणि वाचनालय साडेसातपर्यंत उघडे आहे. एक फोटो आणि आधारकार्डाची झेरॉक्स लागते. ज्यांनी आणली नसेल त्यांनी अर्ज तरी घेऊन जावा. आणि वरच्या रकान्यात नाव लिहिताना क्षणभर थांबून, ज्या बाईने वाचायचे आहे तिचेच नाव लिहावे.